स्वीडनमध्ये आग्रह नसतो: इथल्या सणांत आणि जंगलात सामील व्हायचं असेल तर

स्वीडिश माणूस आग्रह करत नाही. एकदा विचारतो. तुम्ही सवयीने "नको नको, कशाला उगाच" म्हणालात, की विषय तिथेच संपतो आणि भांडं पुढच्या माणसाकडे सरकतं. त्याच्या लेखी नको म्हणजे नको. त्यामुळे नवीन आलेल्या मराठी मंडळींचा समज होतो, की इथले सण बंद दाराआड होतात आणि आपल्याला कोणी बोलावत नाही. प्रत्यक्षात वसंताच्या वालबोर्य सणाची शेकोटी, जूनमधल्या मिडसमरचा खांब, डिसेंबरातल्या लुसिया या दिव्यांच्या सणाची मिरवणूक हे सगळं बहुतेक गावांत उघड्या मैदानावर किंवा चौकात होतं आणि तिथे जायला आमंत्रण लागत नाही. कुठे, कधी आणि काय घेऊन जायचं एवढं मात्र आपलं आपण शोधायचं असतं.

घरी बोलावणं आलंच, तर ते बरेचदा 'क्नीतकालास' असतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. काय आणू, हे आधीच विचारून घ्या. आपलं पेय आपण न्यायचं. सहा म्हणजे सहा वाजता पोचायचं; पावणेसहालाही नको, यजमान तेव्हा आवरत असतात. बूट दाराशी काढायचे, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पुढच्या वेळी ती माणसं भेटली की "ताक फॉर सेनास्त" म्हणायचं, मागच्या वेळेबद्दल आभार. हे विसरलेलं लोकांच्या लक्षात राहतं. आणखी एक, इथे तारखेपेक्षा आठवड्याचा क्रमांक चालतो. "आठवडा २९ ला आम्ही नाही" असं कोणी म्हणालं, तर गोंधळू नका. फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवड्यांचे क्रमांक सुरू करून ठेवा.

वालबोर्य ३० एप्रिलला. संध्याकाळी मोठी शेकोटी पेटते, गायकवृंद वसंताची गाणी म्हणतो, आणि थंडी अशी असते की नोव्हेंबर बरा. आगीच्या बाजूने चेहरा भाजतो आणि पाठ गारठते, म्हणून लोकरी थर आणि टोपी हवीच. उप्सालात सकाळी विद्यार्थी घरी बनवलेल्या तराफ्यांवरून फ्यूरिस नदीत उतरतात आणि दुपारी तीन वाजता कारोलिना रेदिविवा ग्रंथालयासमोर पांढऱ्या टोप्या उंचावतात. गर्दी प्रचंड असते. लहान मुलं बरोबर असतील, तर आपल्या उपनगरातली शेकोटीच बरी.

मिडसमरची पूर्वसंध्या हा वर्षातला खरा दिवस. १९५३ पासून तो नेहमी १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी येतो. त्या दिवशी दारूची सरकारी दुकानं बंद, किराणा दुकानं बरीचशी लवकर बंद आणि बसगाड्या सुट्टीच्या वेळापत्रकाने, म्हणून खरेदी बुधवारपर्यंत उरकावी. सकाळी खांबाला पानंफुलं बांधायला हात लागतात, तिथे वेळेवर पोचा. ओळख वाढवायला हा तास जेवणाच्या टेबलापेक्षा चांगला, कारण हाताला काम असलं की स्वीडिश माणूस बोलायला लागतो. मग खांब उभा राहतो आणि त्याभोवती फेर धरून नाच सुरू होतो. बेडकाच्या उड्या मारत म्हणायचं एक गाणं आहे. त्यात लाजून बाजूला उभं राहणारा माणूसच जास्त उठून दिसतो.

डोक्यावरचा फुलांचा मुकुट घरी करायचा असेल तर आधी डोक्याचा घेर मोजा आणि तीन-चार सेंटिमीटर जास्त धरा. फुलं आतल्या बाजूनेही जागा खातात, आणि मोजून केलेला मुकुट हमखास घट्ट होतो. कडं पातळ तारेचं करा. बर्चच्या कोवळ्या फांद्यांचं चांगलं होतं, पण दुसऱ्याच्या जमिनीवरच्या जिवंत झाडाच्या फांद्या मालकाला न विचारता तोडायच्या नसतात. तीन-चार देठांची जुडी कड्यावर ठेवा, तारेचे दोन-तीन घट्ट वेढे द्या, पुढची जुडी आधीच्या देठांवर येईल अशी बसवा. दिशा एकच ठेवा. पांढऱ्या मोठ्या डेझी आणि लाल क्लोव्हर टिकतात. पिवळी बटरकप फुलं तासाभरात माना टाकतात. तोडल्या तोडल्या फुलं गार पाण्यात ठेवा, आणि तयार मुकुट पाणी शिंपडून पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. रानातली ऑर्किड सगळीच्या सगळी संरक्षित आहेत, त्यांना हात लावायचा नाही. संरक्षित वनक्षेत्रात तर कुठलंच फूल न तोडणं शहाणपणाचं. रात्री सात प्रकारची फुलं गोळा करून उशीखाली ठेवली की होणारा जोडीदार स्वप्नात दिसतो म्हणतात. अट एकच, गोळा करताना आणि नंतर झोपेपर्यंत तोंड बंद.

जेवणात लोणच्यातला हेरिंग मासा, बडीशेपेसारख्या दिसणाऱ्या डिलसह उकडलेले नवे बटाटे, ग्रेडफील नावाचं आंबट साय-दही, बारीक चिरलेली कांद्याची हिरवी पात आणि शेवटी स्ट्रॉबेरी. शाकाहारी माणसाने बटाट्यावर दिवस काढायची गरज नाही. हेरिंगचंच लोणचं वांग्याचं करता येतं आणि स्वीडिश लोकही ते आवडीने खातात. प्रमाण सोपं आहे, एक-दोन-तीन: १ डेसिलिटर (म्हणजे १०० मिलिलिटर) एत्तिका म्हणजे इथलं व्हिनेगर, २ डेसिलिटर साखर, ३ डेसिलिटर पाणी. साखर विरघळेपर्यंत उकळायचं आणि पूर्ण गार करायचं. एक मोठं वांगं सोलून बोटभर तुकडे करा, मिठाच्या पाण्यात चार-पाच मिनिटं उकळून निथळा. बरणीत वांगं, लाल कांद्याच्या चकत्या, गाजर, दहा-बारा दाणे ऑलस्पाइस आणि दोन तमालपत्रं थराथराने भरून वर गार पाक ओता. चोवीस तास फ्रिजमध्ये. बिघडतं ते दोन ठिकाणी. पाक गरम ओतला तर वांग्याचा लगदा होतो. आणि एत्तिका दुकानात १२ टक्के आणि २४ टक्के अशी दोन्ही मिळते. हे प्रमाण १२ टक्क्यांचं आहे. २४ ची बाटली आणली असेल तर आधी तितकंच पाणी घालून घ्या, नाहीतर डोळ्यांतून पाणी येईल.

सण संपले तरी जंगल आहेच, आणि माझ्या मते स्वीडनमधलं सगळ्यात मोठं सुख तेच. 'आल्लेमान्सरेट्टेन' म्हणजे निसर्गात फिरण्याचा सगळ्यांचा हक्क. १९९४ पासून त्याचा राज्यघटनेत उल्लेख आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या रानातून चालता येतं, एखादी रात्र तंबू ठोकता येतो, रानफळं आणि अळंबी गोळा करता येतात. त्यासाठी इथला नागरिक असावं लागत नाही. घराच्या आवारात, उभ्या पिकात आणि नव्या लागवडीत मात्र शिरायचं नाही. शेकोटी उघड्या खडकावर कधीच नको. उष्णतेने खडक तडकतो आणि तो डाग कायमचा राहतो. उन्हाळ्यात निघण्याआधी आगबंदी आहे का, ते आपल्या कम्यूनच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, संकेतस्थळावर पाहा. बंदी कडक असेल तर बांधलेल्या चुलीवरही सॉसेज भाजता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांचे नियम वेगळे असतात. स्टॉकहोमच्या दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटरवरच्या त्यरेस्तात फळं आणि खाण्याची अळंबी तोडता येतात, पण आग फक्त ठरवलेल्या जागी.

ब्लोबेर म्हणजे इथली रानटी निळी बेरी मध्य जुलैपासून, लाल लिंगोन ऑगस्टच्या अखेरीपासून. फणीसारखं दाते असलेलं तोडणीचं डबडं विकत मिळतं. त्याने काम झपाट्याने होतं, पण पानंही तितकीच येतात. घरी तिरप्या ओल्या फळीवरून फळं घरंगळत सोडली की पानं फळीला चिकटून राहतात. मुलांना एक झाड दाखवून ठेवा: चार पानांच्या मधोमध एकच निळी-काळी गोळी असलेलं ओर्मबेर. ते विषारी आहे आणि ब्लोबेरच्याच रानात उगवतं. लिंगोनचा मुरंबा तर चुलीशिवाय होतो. १ किलो फळांत ५ डेसिलिटर साखर घालून अधूनमधून ढवळत राहायचं, साखर विरघळली की बरणीत भरून फ्रिजमध्ये. लिंगोनमध्ये नैसर्गिक बेंझॉइक आम्ल असल्याने ते महिनोन्महिने टिकतं. थालीपिठाबरोबर फर्मास लागतं.

अळंबीच्या बाबतीत घाई नको. एका हंगामात एकच जात नीट शिकायची, आणि पहिली कंतारेल. ती अंड्याच्या बलकासारखी पिवळी, आतून फिकट असते, तिला जर्दाळूसारखा वास येतो, आणि खालच्या बाजूला सुट्टे पडदे नसून देठावर उतरत गेलेल्या वळ्या असतात. वळी नखाने सुटी करता आली, तर ती कंतारेल नव्हे. पांढऱ्या अळंबीला नवख्याने हातच लावू नये, कारण वीट फ्लुगस्वाम्प ही पांढरीशुभ्र जात यकृत निकामी करते. दुसरा सापळा शरद ऋतूतला. सप्टेंबर-नोव्हेंबरात स्प्रूसच्या रानातल्या शेवाळात त्रात्तकंतारेल शेकड्यांनी उगवते: तपकिरी टोपी, पिवळट पोकळ देठ. त्याच शेवाळात, त्याच दिवसांत टोप्पिग गिफ्टस्पिंडलिंग उगवते: सगळीच नारिंगी-तपकिरी, टोकदार टोपी, खाली खरे पडदे, देठ भरीव. तिचं विष मूत्रपिंडावर जातं, शिजवून जात नाही, आणि लक्षणं दोन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत कधीही दिसू शकतात. लोक फसतात ते हावरटपणे मुठी भरताना. म्हणून त्रात्तकंतारेल एकेक करून तोडायची आणि प्रत्येक देठ पोकळ आहे का ते पाहायचं. फोनमधल्या ओळख सांगणाऱ्या ॲपवर जेवण अवलंबून ठेवू नका. शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता ११२ वर फोन करून 'गिफ्टइनफोर्माशून', म्हणजे विषबाधेची माहिती देणारी सेवा, मागा आणि उरलेली अळंबी टाकू नका, ओळखायला उपयोगी पडतात.

अळंबी प्लास्टिकच्या पिशवीत घेतली की घाम सुटून घरी पोचेपर्यंत खराब होते. टोपली घ्या, आणि माती रानातच झटका. कोरड्या तव्यावर टाकून तिचं पाणी सुटून आटू द्या, मग लोणी आणि मीठ. लोणी आधी घातलं तर ती परतली न जाता उकडली जाते. कंतारेल फ्रीझरमध्ये कच्ची ठेवली तर कडवट होते, म्हणून परतून ठेवायची. त्रात्तकंतारेल वाळवून उत्तम टिकते, कंतारेल वाळली की चामडं.

या सगळ्यात जो किडा आडवा येतो तो फेस्टिंग, गोचिडाचा भाऊबंद. त्याच्यातून टीबीई हा मेंदूला सूज आणणारा विषाणू आणि बोरेलिया हा जिवाणू पसरू शकतो. लस फक्त टीबीईवर आहे. पहिला आणि दुसरा डोस एक ते तीन महिन्यांच्या अंतराने, तिसरा पाच ते बारा महिन्यांनी. पन्नाशी उलटलेल्यांना सुरुवातीलाच एक डोस जास्त लागतो. उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून येणार असतील, तर हे आधीच ठरवायला हवं. पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या केसांत बघा. चिकटलेला किडा चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा, तेल-तूप चोळायचं नाही. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पाच सेंटिमीटरपेक्षा मोठा लाल डाग पसरला, तर व्होर्डसेंट्राल, म्हणजे जवळचं आरोग्य केंद्र, गाठा.

ऑगस्टमधल्या क्रेफ्टा पार्टीत कागदी टोप्या, डिलच्या पाण्यात शिजवलेले गोड्या पाण्यातले शेवंडे आणि बरंच मद्य. शाकाहारींसाठी चीज भरून भाजलेला पाय (इंग्रजीतला 'pie') असतो. अनेक स्वीडिश चीजमध्ये प्राण्यांपासूनचं रेनेट असतं, तेवढं ज्याने त्याने पाहावं.

१३ डिसेंबरची लुसिया पहाटेची. चर्चमधल्या मोठ्या कार्यक्रमांना तिकीट लागतं आणि ती नोव्हेंबरातच संपतात; मुलांच्या शाळेतली आणि चौकातली फुकट असते. बरोबर लुसेकाट्टर हवेत, म्हणजे केशराचे पाव. इथे केशर बहुतेक अर्ध्या ग्रॅमच्या पुड्यांत, पूड करून मिळतं. गावाकडून आणलेल्या काड्या असतील तर चमचाभर साखरेबरोबर खलबत्त्यात कुटून कोमट दुधात भिजवा. साधारण पस्तीस पावांना १ ग्रॅम केशर, ५० ग्रॅम ताजं यीस्ट, ५ डेसिलिटर दूध, १७५ ग्रॅम लोणी, २ डेसिलिटर साखर, अर्धा चमचा मीठ, २५० ग्रॅम केसेला (इथला चक्क्यासारखा दुधाचा पदार्थ) आणि सुमारे १ किलो मैदा. केसेलाऐवजी दही टांगून केलेला चक्का चालतो, आणि माझ्या मते तो जास्त चांगला. लोणी वितळवून दूध घालून ३७ अंशांवर आणा, त्यात यीस्ट. दूध जास्त तापलं तर यीस्ट मरतं. सगळ्यात मोठी चूक मैद्याची. पीठ हाताला चिकटतंय म्हणून मैदा घालत गेलं की पाव दुसऱ्या दिवशी दगड होतात. थोडं चिकट राहू द्या आणि दहा मिनिटं मळा. चाळीस मिनिटं फुगवा, इंग्रजी एससारखे वळा, अर्धा तास झाकून ठेवा. बेदाणे भिजवून तळापर्यंत दाबा, नाहीतर भाजताना उडी मारतात. वरून अंडं किंवा दूध. २२५ अंशांवर पाच ते आठ मिनिटं, पाचव्या मिनिटापासून समोर उभं राहून. फडक्याखाली गार करा आणि त्या दिवशी संपणार नसतील तेवढे लगेच फ्रीझरमध्ये.

फेब्रुवारीत शाळांची खेळाची सुट्टी: येतेबोर्य (गोथेनबर्ग) आठवडा ७, स्कोने ८, स्टॉकहोम ९. तळी गोठलेली असली की सगळं गाव बर्फावर उतरतं. चालायला किमान १० सेंटिमीटर घट्ट, काचेसारखा बर्फ हवा. पुलाखाली, लव्हाळ्यांच्या दाटीशी, ओढा मिळतो तिथे तो पातळ असतो. गळ्यात इसडुब्बर म्हणजे बर्फात रोवायचे टोकदार खिळे, पाठीवर जलरोधक पिशवीत कोरडे कपडे, सोबत किमान एकजण. मार्चमधल्या उन्हाने बर्फ आतून सच्छिद्र होतो. वीस सेंटिमीटर असला तरी दुपारी तो भरवशाचा नसतो. तेव्हा काठावरच्या दगडावर बसायचं. बुडाखाली घ्यायची फोमची घडी, थर्मास आणि दालचिनीचा पाव प्रत्येकाने आपापला आणायचा.