पन्हाळा लॉग, चौथा महिना: चिमूट म्हणजे नेमकी किती?

भावांनो, या वेळी सरासरी वेग, घाटातली वेळ वगैरे काही नाही. सायकल मारताना किती घाम जातो आणि त्याच्या भरपाईला बाटलीत किती पाणी-मीठ लागतं, हे चार महिने मोजतोय आणि हिशोब आत्ता कुठं लागायला लागलाय.

सुरुवात जानेवारीतल्या फजितीनं. गारव्यात अडीच तासांची सपाटीची राईड, दम लागायचं कारणच नव्हतं. पण तहान लागायच्या आधीच प्यायचं, हे कुणीतरी डोक्यात भरवलेलं. तीन बाटल्या साधं पाणी रिचवलं. घरी आलो तर डोकं जड, मळमळ आणि घड्याळाचा पट्टा रुतलेला, एक भोक सैल करावा लागला. पाणी कमी पडलं असं वाटून आणखी अर्धा लिटर ढोसलं! मग काट्यावर चढलो. निघताना ७१.४, आता ७२.२. सायकल मारून माणूस आठशे ग्रॅमनं वाढला होता, तेही वाटेत एकदा झाडाआड थांबून.

डॉक्टर मित्रानं शिव्या घातल्या. रक्तातलं सोडियम लिटरमागं १३५ मिलिमोलच्या खाली गेलं की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. रक्त पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं, पेशी फुगतात. हात फुगला तर पट्टा सैल करता येतो, कवटीत मेंदूला सरकायला जागा नसते. मी रक्त तपासलं नाही, त्यामुळं तेच झालं असं छातीठोक सांगत नाही. पण तहान लागली की प्यायचं, हा जुना नियम परत लावला.

एप्रिल, पन्हाळा. कोल्हापूरचा शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, मग घाट. पहाटे निघूनही उतरताना ऊन चटकत होतं. निघायच्या आधी आणि आल्यावर अंग कोरडं करून, कपडे काढून वजन केलं: ७१.२ आणि ६९.८. म्हणजे १.४ किलो गेलं, वाटेत दीड लिटर प्यालो होतो, लघवी नाही. एकूण घाम २.९ लिटर, तासाला साधारण १.१५. वजनाच्या दोन टक्के घट. वरच्या चढाला पाय का बोलेनात ते कळलं. काळ्या जर्सीवर पाठभर मिठाचे नकाशे उमटले होते.

लिटरभर घामात सोडियम किती, हे माणसागणिक बदलतं. कुणाचं ५०० मिलिग्रॅम, कुणाचं दीड हजाराच्याही वर. त्यामुळं दुसऱ्याची बाटली जशीच्या तशी उचलू नका.

आता चिमटीचा विषय. बाटलीत 'चिमूटभर मीठ' टाकतो म्हणजे किती? गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, मित्राचा सोनं तोलायचा काटा आहे, दुकान उघडायच्या आधी तिथं मिठाची पुडी घेऊन बसलो. आईची चिमूट ०.४ ग्रॅम, माझी ०.९. चहाचा सपाट चमचा जवळपास सहा ग्रॅम, शिगेचा नऊ. मिठात सोडियम सुमारे ३९ टक्के. इतके दिवस मी बाटलीत कधी समुद्र, कधी नुसती गंमत भरत होतो. (मित्र म्हणाला, "सोन्यासारखी यातही घट धरायची का?")

सध्याचं माप: ७५० मिलि पाणी, १.२ ग्रॅम मीठ, ३० ग्रॅम गूळ, अर्धं लिंबू. गूळ नुसत्या चवीला नाही. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकाच दारातून जोडीनं आत जातात आणि पाणी त्यांच्यामागं ओढलं जातं. याच तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून कॉलऱ्याचे रोगी वाचवले. गूळपाण्याची बाटली मात्र घरी आल्या आल्या धुवा. एकदा विसरलो, दुसऱ्या दिवशी झाकण उघडताच ताडीचा वास.

पेटके? मीठ वाढवल्यावर कमी झाले, पण त्याच महिन्यात सरावही वाढला होता. श्रेय मिठाला द्यायला मी तयार नाही. दमलेला स्नायूही पेटका देतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, त्यामुळं घामाची भरपाई एकट्या शहाळ्यानं होत नाही.

परतीला गंगावेशीतला दूध कट्टा लागतोच, तिथं समोर म्हैस पिळून दूध देतात. दुधात सोडियम, पोटॅशियम, प्रथिनं सगळं असतं, ते पोटातून सावकाश सरकतं आणि पाण्यापेक्षा अंगात जास्त टिकतं. धारोष्ण म्हटलं की डॉक्टर मित्र डोळे वटारतो, म्हणून मी घरी नेऊन तापवतो.

वडिलांना बीपीची गोळी आहे, त्यांना हे गूळमीठपाणी देत नाही. तासाभराच्या रंकाळा तलावाच्या फेरीला मलाही लागत नाही, साधं पाणी बस्स.

पुढची मोजणी जूनमध्ये, पावसात. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. तेव्हा आकडा किती येतो बघू. तोवर कुणी स्वतःची चिमूट मोजली असेल तर खाली टाका.