मण्यांचा डबा

संक्रांत झाली की आमच्या शाळेत गॅदरिंगचे वारे वाहू लागायचे. तुरी खळ्यात आलेल्या, कापसाचा शेवटचा वेचा सुरू, घरात कोणाला क्षणाची सवड नाही. तरी नाचाचे कपडे, नाटकातले फेटे, रोडग्यांसाठी गोवऱ्या असं सगळं कुठून ना कुठून गोळा व्हायचंच. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या शेजारी लावल्या की स्टेज तयार. गावचं जेवण म्हणजे वरण, रोडगे आणि वांग्याची भाजी. आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातलं, तुकडोजी महाराजांच्या आश्रमाचं गुरुकुंज मोझरी जवळच, त्यामुळे कार्यक्रमाची सुरुवात सामुदायिक प्रार्थनेनं व्हायची. मागच्या पडद्यावर मधोमध मण्यांचं चित्र टांगलेलं असायचं. नाच-नाटकं विसरलो, ती चित्रं मात्र एकेक आठवतात.

आमच्या कार्यानुभवाच्या बाई तिवशाहून काळीपिवळीनं यायच्या. एका सकाळी डायवरकाकांच्या सीटवरचं लाकडी मण्यांचं कव्हर तुटलं. नायलॉनचा दोरा उन्हानं कुजलेला, एक गाठ सुटली आणि मणी गाडीभर झाले. काका ते झाडून रस्त्यावर लोटणार, तेवढ्यात बाईंनी पदर पुढे केला. शाळेत आल्या आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी ते ओतले. तो आवाज अजून कानात आहे. मग आम्हाला म्हणाल्या, "घरी असे कोणतेही लाकडी मणी पडून असतील तर फेकू नका, इकडे आणा."

डबा भरत गेला. मोडक्या पडद्याचे मणी आले, अंगणवाडीच्या तुटलेल्या मणीचौकटीतले लाल-पिवळे आले, बैलांच्या जुन्या माळांतले आले. पहिल्याच वर्षी आमच्या हातून घोळ झाला. मणी स्वच्छ व्हावेत म्हणून आम्ही ते रात्रभर रिठ्याच्या पाण्यात ठेवले. सकाळी पाहतो तर लाकूड फुगून छिद्रं आवळलेली, सुई आत जाईना. घाईनं उन्हात टाकले, तर कितीतरी तडकले. पुढे बाईंनी शिकवलं: ओल्या फडक्यानं एकेक मणी पुसायचा, सुपात पसरायचा आणि व्हरांड्याच्या सावलीत वाळवायचा. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण सुपाभोवती बसून गप्पा मारत मणी पुसण्यात जी दुपार जायची, तिच्यासारखी दुपार पुन्हा मिळाली नाही.

ढेपेचं रिकामं बारदान उसवून, धुऊन त्याचा चौकोन करायचा, वर खडूनं आकार काढायचा आणि दाभणानं एकेक मणी शिवायचा. डिंक नाही, फेविकॉल नाही. त्यावर बाई फार काटेकोर होत्या. गॅदरिंग झालं की चित्र उसवायचं, मणी परत डब्यात जायचे आणि पुढच्या वर्षी त्यांचंच दुसरं काहीतरी व्हायचं. पहिल्या वर्षीचं कापसाचं बोंड दुसऱ्या वर्षी तान्ह्या पोळ्याचा नंदी झालं.

रंगही कधी लावला नाही. कारण सीटच्या मण्यांत रंग होताच. काठाचे मणी पिवळसर, कोरे. जिथं पाठ टेकते तिथले घामा-तेलानं गडद चॉकलेटी. अधलेमधले सगळ्या छटांचे. आम्ही बोटांनी निवडून पाच वाट्यांत ते वेगळे करायचो. सावली कुठं हवी, उजेड कुठं, हे मी त्या पाच वाट्यांतून शिकलो.

तिसरं चित्र मला सर्वांत जवळचं. 2009 हे तुकडोजी महाराजांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. बाई म्हणाल्या, महाराजांचा चेहरा आपण नको काढू, त्यांची खंजिरी काढू. भजनी मंडळातले एक आजोबा स्वतःची खंजिरी घेऊन वर्गात आले. कातड्यावर एका बाजूला काळपट डाग होता. "हे पाहा पोट्टेहो, बोटं इथंच पडतात. चाळीस वर्साचा डाग हाय." बारदानावर परात उलटी ठेवून आम्ही गोल आखला. कातड्याला कोरे मणी, झांजांना अंगणवाडीचे पिवळे, आणि थापेच्या जागी डायवरकाकांच्या पाठीचे गडद मणी. ती जागा शिवायला मला मिळाली होती. दाभण बोटात गेलं तरी मी कोणाला सांगितलं नाही, कारण काम दुसऱ्याकडं गेलं असतं.

गॅदरिंगला दोन दिवस उरले असताना एक आजी पदराच्या गाठीत काही बांधून शाळेत आल्या. त्यांचे मालक कौंडण्यपूरच्या रुक्मिणीच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जात. ते गेल्यावर त्यांची तुळशीची माळ तुटली होती. "नदीत सोडाले मन होत नाही बाई. तुमच्या त्या चित्रात बसते का?" एकशे आठातले सतरा हरवले होते. उरलेले 91 मणी इतके बारीक की दाभण चालेना. बाईंनी घरून बारीक सुई आणली. कुठं लावायचे हे त्यांनी आजींनाच विचारलं. "वर लावा. पायाकडं नको." खंजिरीच्या वर कमान करून ते बाईंनी स्वतः शिवले.

त्या रात्री डायवरकाका पहिल्या रांगेत होते. पडदा उघडल्यावर शेजाऱ्याला कोपर मारून म्हणाले, "ते काये मणी दिसते न, ते माया पाठीचे हायेत." आजी मात्र प्रार्थनेच्या आधीच स्टेजवर चढून आल्या. डाव्या टोकापासून त्या एकेका मण्यावर बोट ठेवत गेल्या, ओठ हलत होते. शेवटचा मणी झाल्यावर उजवीकडून परत निघाल्या. माइकवरच्या सरांनी हॅलो हॅलो थांबवलं. मांडवात कोणी बोललं नाही.

खंजिरी उसवली गेली. तुळशीची कमान तेवढी बाईंनी उसवली नाही. तिची पट्टी कापून दरवर्षी नव्या चित्राच्या वर जोडत आल्या. आता बाई निवृत्त झाल्यात, आजीही नाहीत. पण डबा शाळेतच आहे, आणि आम्ही जुनी मुलं जमेल तसे गॅदरिंगला जातोच. या जानेवारीत पोरांनी वर्धा नदी केली होती, खोल पाण्याला गडद मणी. कार्यक्रम संपून सतरंज्या गुंडाळल्या जात असताना मी स्टेजवर गेलो आणि वरची पट्टी डाव्या टोकापासून मोजली. 91 भरले.