कांड्या, सराटे आणि साइडपट्टी : सातारा ते सांगली सायकलवरून

थंडीत सायकल चालवावी असे ज्याला त्याला वाटते, आणि हवेपुरते ते खरेही आहे. मात्र सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी हवा जेव्हा सर्वांत चांगली असते, तेव्हाच रस्ता सर्वांत वाईट असतो, कारण त्या दिवसांत कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात आणि साऱ्या पट्ट्यातला ऊस रस्त्यावर आलेला असतो. हाच प्रवास मी यापूर्वी एकदा जुलैत आणि एकदा एप्रिलच्या अखेरीस केला होता. यंदा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्यांदा निघालो, तो मुद्दाम आडमार्गाने. राष्ट्रीय महामार्गाने कराड गाठणे सोपे आहे, पण तिथल्या अवजड वाहनांच्या वाऱ्याचे हेलकावे खात पन्नासेक किलोमीटर जाण्यात मला रस नव्हता. म्हणून पुणे-मिरज लोहमार्गाच्या आजूबाजूने जाणारे जुने रस्ते धरले : पहिल्या दिवशी कोरेगाव, रहिमतपूर, मसूर आणि कराड, दुसऱ्या दिवशी शेणोली, ताकारी, पलूस, भिलवडी आणि सांगली.

पहाटे साडेसहाला पोवई नाक्यावरून निघालो तेव्हा अंधारच होता. संगम माहुलीच्या पुलावर आलो आणि कृष्णा-वेण्णेच्या पाण्यावरून उठलेल्या धुक्यात पुलाचा पुढचा भाग दिसेनासा झाला. धुक्याचा त्रास केवळ न दिसण्याचा नसतो. चष्म्यावर थेंब साचतात, हातमोजे ओले होतात, ओल्या बोटांना ब्रेकचा अंदाज येत नाही, आणि मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज जवळचा की लांबचा हे कानांना उमगत नाही. मी मागचा लाल दिवा उघडझाप करत न ठेवता सलग पेटता ठेवतो, कारण धुक्यात उघडझाप करणाऱ्या दिव्यावरून अंतर जोखणे चालकाला अवघड जाते, असे मी स्वतः मोटार चालवताना अनुभवले आहे. पूल ओलांडून चढाला लागल्यावर धुके खाली राहिले आणि समोरून पूर्वेचे गार वारे सुरू झाले. जुलैत याच वाटेवर पश्चिमेचा वारा पाठीत हात घालून ढकलत होता. हिवाळ्यात तो दिलासा मिळत नाही.

कोरेगावचा परिसर घेवड्याचा. इथल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. खरिपाच्या सुगीत या भागातून गेल्यास घेवडा आणि सोयाबीन थेट डांबरावर वाळत घातलेले दिसते, आणि पुढे ज्वारी निघाली की कणसेही पसरली जातात, म्हणजे येणारी-जाणारी वाहनेच मळणी करून देतात. पूर्वी गावाबाहेर शेणाने सारवलेली खळी असत. ती गेली आणि रस्ता हेच खळे झाले. शेतकऱ्याला मी दोष देत नाही, पण सोयाबीनच्या दाण्यांवरून सायकल नेणे म्हणजे छर्‍यांवरून चालणे आहे. त्यावर ब्रेक दाबायचा नाही, हँडल वळवायचे नाही आणि पायडल मारायचे थांबवून सरळ रेषेत निघून जायचे, एवढेच हाती असते. कडेने दगडांची रांग मांडलेली असते, ती तर रात्री दिसतही नाही, आणि रास उचलल्यावर दगड मात्र तिथेच राहतात. जानेवारीत दाणे नव्हते, दगड होते.

रहिमतपूरच्या अलीकडे पुढचे चाक जड वाटू लागले. थांबून पाहिले तर टायरमध्ये सराटा. या भागातल्या माळावरच्या सायकलस्वाराला वाघापेक्षा सराट्याची भीती अधिक वाटावी. जमिनीलगत पसरणारी ही पिवळ्या फुलांची वेल पावसाळ्यात हिरवीगार आणि निरुपद्रवी दिसते. पावसाळा सरला की तिची फळे वाळतात आणि प्रत्येक फळाचे पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला दोन मोठे काटे असतात आणि ते अशा कोनात असतात की तुकडा कसाही पडला तरी एखादे टोक आकाशाकडे राहतेच. साइडपट्टीवर उतरलात की सराटा, आणि वाहनांना वाट देण्यासाठी साइडपट्टीवर उतरल्याशिवाय गत्यंतर नाही. बाभळीचे काटे निदान लांब असतात व डोळ्यांना दिसतात. बांधावरची बाभूळ किंवा वेडी बाभूळ छाटून फांद्या ओढत नेल्या की त्यांचा माग रस्त्यावर राहतो, तो पाहून बाजूला होता येते. सराटा दिसत नाही.

ट्यूब बदलली आणि पंक्चर झालेली ट्यूब गावातल्या दुकानात दाखवायला नेली. दुकानदाराने ती घमेल्यातल्या पाण्यात बुडवून फिरवली, बुडबुडे दाखवले आणि म्हणाला, “सर, ह्यो एकटा येत न्हाई. ह्येचा सोबती आसतूय. टायर आतनं चाचपून बघा.” मी टायरच्या आतून बोटे फिरवली, दोन कुसळे काढली आणि समाधानाने चाक बसवले. दुकानात हवेचे यंत्र होते, पण माझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा असल्याने त्याची नळी बसेना. त्यासाठी लागणारे पितळी टोपण माझ्याजवळ नेहमी असते, ते त्याने कौतुकाने न्याहाळले. “आमच्या दूधवाल्यांच्या सायकलींना असलं काय लागत न्हाई,” असेही त्याने ऐकवले. त्यात तथ्य आहे. दारात उभ्या असलेल्या एका काळ्या सायकलच्या मागच्या मडगार्डला जुन्या ट्यूबचा तुकडा असा बांधला होता की तो फिरत्या टायरवर सतत घासत राहावा आणि चिकटलेला काटा आत घुसण्याआधीच झडून जावा. दोन वर्षांत मी बाजारातून आणलेल्या साऱ्या साधनांपेक्षा ही युक्ती मला अधिक पटली.

त्या पुढे चराई करणारी मेंढरे भेटली. दिवाळीनंतर माण-खटावकडचे मेंढपाळ कळप घेऊन बागायती पट्ट्यात उतरतात आणि खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतात. कळपातून सायकल नेता येते, घाई केली नाही तर मेंढरे स्वतःच दुभंगतात. प्रश्न राखणीच्या कुत्र्यांचा असतो. गावातले कुत्रे सवयीने भुंकते आणि हद्द संपली की परत फिरते. कळपाचे कुत्रे आपले काम करत असते, त्यामुळे ते तसे फिरत नाही. अशा वेळी वेग वाढवणे हा मूर्खपणा होय. मी उतरतो, सायकल माझ्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरतो आणि मेंढपाळाने हाळी देईपर्यंत चालत राहतो. या खेपेस हाळी देणारी एक आठ-नऊ वर्षांची मुलगी होती, आणि तिच्या एका शब्दावर तो दांडगा कुत्रा खाली बसला.

मसूरकडे वळल्यावर ऊस सुरू झाला, आणि तेथून पुढे सांगलीपर्यंत तो संपला नाही. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ज्याने मागून येताना अनुभवला नाही त्याला त्याची कल्पना देणे कठीण आहे. सर्वप्रथम गाणी ऐकू येतात. ट्रॅक्टरवरचे कर्णे एवढ्या मोठ्याने लावलेले असतात की चालकाला तुमची घंटाच काय, मागच्या ट्रकचा भोंगाही ऐकू येत नसावा. मग ट्रॅक्टर निघून जातो आणि तुम्ही सुटकेचा श्वास टाकता, तेव्हा पहिली ट्रॉली शेजारी असते आणि दुसरी यायची असते. दुसरी ट्रॉली पहिलीच्या रेषेत चालत नाही. ती झोल खाते आणि ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेले उसाचे शेंडे चाबकासारखे फिरतात. चढावर भार मागे पडून ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि तेव्हापासून चढावर उसाच्या वाहनाच्या मागे किंवा शेजारी राहायचे नाही हा नियम मी पाळतो. गाणी ऐकू आली की रस्ता सोडतो.

रस्ता सोडायचा तरी कुठे? नव्याने केलेल्या काँक्रीटच्या रस्त्याची कड साइडपट्टीपेक्षा वीतभर उंच आहे. ठेकेदाराने मुरूम टाकून ती समपातळीत आणायची असते. इथे कित्येक किलोमीटर ती तशीच होती. वेगात उतरलात तर पुढचे चाक मुरमात रुतते, आणि तिरपे चढायला गेलात तर कडेला घासून सायकल खाली येते. त्यावरून चढायचे ते काटकोनातच, रेल्वेचे रूळ ओलांडतो तसे. जोडीला शेतकऱ्यांनी पाइपलाइनसाठी मारलेले आडवे चर आहेत. मुरूम भरून बुजवलेला चर पावसाळ्यात खचतो आणि हिवाळ्यात त्याचा धारदार खड्डा होतो. ज्या गावात बागायत अधिक, त्या गावात चर अधिक, इतका हा हिशेब सरळ आहे.

पडलो तो मात्र ट्रॅक्टरमुळे नव्हे, कांडीमुळे. कराड जेमतेम काही किलोमीटर राहिले होते आणि ऊन उतरले होते. रस्त्यावर उसाची आडवी पडलेली कांडी म्हणजे लहानसा गतिरोधक, तिचे भय नाही. रस्त्याच्या दिशेने पडलेली कांडी मात्र चाकाखाली रुळासारखी घरंगळते. समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यांचा अप्पर डोळ्यांवर आला, ती कांडी मला दिसली नाही, पुढचे चाक तिच्यावर चढले आणि पुढच्या क्षणी मी साइडपट्टीवर डाव्या कोपरावर होतो. वर पाचटाचा थर होता म्हणून खरचटण्यावर निभावले. मागून येणाऱ्या बैलगाडीतल्या बाईने उतरून सायकल उभी केली आणि म्हणाली, “कांडी बघून चालवा, भाऊ. आमची बैलंबी हिच्यावरनं घसरत्यात.” ती आणि तिचा नवरा बीडकडचे तोडणी कामगार होते. त्यांच्या टायरगाडीच्या मागे दिवा नव्हता, परावर्तक पट्टीही नव्हती. उसाच्या मोळ्यांना दोन जुन्या सीडी दोरीने बांधल्या होत्या आणि मोटारींच्या प्रकाशात त्या लखलखत होत्या. मी माझ्याजवळचा सुटा लाल दिवा त्यांच्या गाडीच्या साट्याला अडकवून दिला. अंधार पडल्यावर माझ्या मागे तो बराच वेळ दिसत होता, आणि मग वळणाआड गेला.

कराडला मुक्काम केला. सकाळी प्रीतिसंगमावर जाऊन आलो. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भेटतात. मागच्या गिअरच्या दातऱ्यांत चिरडलेल्या चिपाडाचे तंतू अडकले होते, ते काढण्यात अर्धा तास गेला. रसाने चिकट झालेली साखळी धूळ धरते आणि तिचा करकर आवाज होतो, म्हणून ती पुसून पुन्हा तेल दिले.

दुसरा दिवस तुलनेने सुखाचा गेला. शेणोलीपासून पुढे काही ठिकाणी लोहमार्गाखालचे भुयारी मार्ग लागतात. जानेवारीत ते कोरडे होते. जुलैत त्यांपैकी एकात गुडघाभर पाणी होते आणि तळ किती खोल, गाळ किती, हे कळायला मार्ग नव्हता, तेव्हा मी सायकल खांद्यावर घेऊन चालत गेलो होतो. जुलैची खरी पीडा मात्र पाणी नसून काळी माती आहे. शेतातून निघणारा ट्रॅक्टर चाकांबरोबर ती रस्त्यावर आणतो, पहिल्या सरीत तिचे लोणी होते, आणि ती मडगार्ड व टायर यांच्या फटीत अशी बसते की चाक फिरायचेच थांबते. त्या खेपेस मी ताकारीजवळ एका चहाच्या टपरीमागे बसून चमच्याच्या दांड्याने माती कोरत होतो, आणि टपरीवाल्याने चमच्याचे पैसे घेतले नाहीत.

डावीकडे सागरेश्वरचे डोंगर मागे पडले. पलूसपुढे द्राक्षबागा दिसू लागल्या आणि क्रेटांनी भरलेल्या छोट्या मालवाहू गाड्या रस्त्यावरून सुसाट धावू लागल्या. माल नाशवंत असल्याने त्यांना थांबायला वेळ नसतो. एप्रिलात इथे बेदाण्याचे शेड होते, डांबर पाझरून टायरला चिकटत होते आणि दुपारी वळिवाच्या वावटळीने मला एका शेडच्या भिंतीशी तासभर बसवून ठेवले होते. तेव्हा रस्त्यावर कांडी नव्हती, सराटेही बरेचसे वाहून-तुडवून संपले होते, आणि अंगातले पाणी मात्र भिलवडीपर्यंत पुरले नव्हते.

संध्याकाळची चिलटे डोळ्यांत जाऊ लागली तेव्हा माधवनगर आले. सांगलीत शिरून आधी आयर्विन पुलावर गेलो. १९२९ सालच्या या पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते. २०१९च्या महापुरात पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते. त्या संध्याकाळी नदी तळाशी निपचित होती आणि पुलावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. आत्याच्या घरी पोहोचल्यावर तिने कोपर पाहिले, हळद लावली आणि एवढेच विचारले, “एसटी बंद झाल्यात का रे?”

परतीला सायकल रेल्वेत टाकली. सातारा स्थानक शहराबाहेर माहुलीच्या बाजूला आहे, तेथून घर पाऊण तासाच्या आत येते. सामानाच्या डब्यातून सायकल उतरवली तर पुढचे चाक बसलेले. फलाटावरच टायर काढला आणि रहिमतपूरच्या दुकानदाराने सांगितले होते तसे, या वेळी सावकाश, आतून चाचपत गेलो. व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी, जिथे माझी बोटे तेव्हा पोहोचली नव्हती, तिथे सोबती बसला होता.