शिवण नसलेला पाईप

गेल्या डिसेंबरपासून आम्ही तिघे मित्र हिंगण्यातील एका शेडमध्ये जुन्या मारुती एस्टीमची शर्यतीची गाडी करीत आहोत. एस्टीम निवडण्याचे कारण साधे होते. १२९८ सीसीचे इंजिन, नऊशे किलोंच्या आतले वजन आणि देशातील सलून गाड्यांच्या शर्यतींत ती अनेक वर्षे धावलेली असल्यामुळे तिच्या खोडी ओळखणारी माणसे अजूनही भेटतात. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८००च्या ७९६ सीसी इंजिनावर फॉर्म्युला मारुती ही एका आसनाची शर्यतीची गाडी उभी केली होती. हाताशी असलेल्या सुट्या भागांतून काय घडू शकते, याचा आमच्यासाठी तोच मोठा दाखला आहे.

सुरुवातीचे काम काढण्याचेच होते. आसने, गालिचा, दारांचे अस्तर भराभर निघाले. पण आवाज कमी करण्यासाठी तळाच्या पत्र्यावर चिकटवलेला डांबरी थर सुटेना. थंडीत तो ठिसूळ होतो हे कळल्यावर आम्ही पहाटे शेडवर जाऊ लागलो आणि छिन्नीच्या हलक्या ठोक्यांनी त्याची ढलपी निघू लागली. हेच काम मे महिन्यात घेतले असते, तर नागपूरच्या उन्हात तो थर छिन्नीलाच लगडला असता.

खरे काम पिंजऱ्याचे. गाडी उलटली तर चालकाच्या डोक्यावरचे छत धरून ठेवणारा हा पोलादी सांगाडा असतो आणि तोच पत्र्याच्या अंगाला पीळ बसू देत नाही. एफआयए या मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमावलीत, परिशिष्ट ‘जे’च्या कलम २५३मध्ये, चालकाच्या पाठीमागच्या मुख्य कमानीसाठी ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि २.५ मिलिमीटर जाडीचा, किंवा ५० मिलिमीटर व्यासाचा आणि २ मिलिमीटर जाडीचा सीमलेस, म्हणजे जोडाची शिवण नसलेला, पाईप सांगितला आहे. आम्ही पहिला पर्याय घेतला, कमान वाकवून आणली आणि तळावर उभी केली. वेल्डिंग करणारे काका पायाचे कापलेले टोक बराच वेळ न्याहाळत राहिले. मग म्हणाले, “भाऊ, हा पाईप जोडाचा आहे जी. आत बोट घालून पाहा.”

मी बोट घातले. आतल्या गुळगुळीत अंगावरून केसाएवढी उंच, सरळ रेघ लांबवर गेलेली होती. बिलावर मात्र ‘सीमलेस’ असे स्पष्ट लिहिलेले होते. वाकवताना बाकाची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. गाडी उलटल्यावर मोठा भार नेमका तिथेच येतो, आणि जोडाची शिवण तिथे उकलली तर पुढचे बोलायलाच नको. दुकानदाराने पाईप परत घेतला नाही. ती कमान आम्ही त्याच दिवशी कापून भंगारात टाकली आणि मला त्याचे आजही समाधान वाटते.

दुसरा पाईप घेताना प्रत्येक टोकात बोट घालूनच घेतला. बाकाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट, म्हणजे १३५ मिलिमीटर, हवी. ती त्याहून थोडी मोठीच ठेवली. वाकवल्यावर पाईप चपटतो, म्हणून व्हर्नियरने मोजले: एका दिशेने ४३, दुसऱ्या दिशेने ४६. लहान व्यास मोठ्याच्या ०.९ पटीहून कमी नसावा, हा नियम त्यात बसला. कमान उभी आहे की नाही, हे गवंड्याच्या ओळंब्याने पाहिले.

अडचण वरच्या सांध्यांची होती, कारण पाईप छताला इतके लागून बसतात की वरच्या बाजूने वेल्डिंगची बंदूक शिरत नाही, आणि सांधा चारी बाजूंनी भरला नाही तर तो असून नसल्यासारखा. त्यावर जाणकार कारागिरांची जुनी युक्ती अशी, की पिंजऱ्याच्या पायांखालचा पत्रा कापायचा, टॅक मारलेला, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरता जोडलेला, पिंजरा त्या भोकांतून चार इंच खाली सोडायचा, वरचे सांधे पूर्ण भरायचे, पुन्हा वर उचलायचा आणि भोके जाड पत्र्याच्या पट्ट्यांनी बंद करून त्यांवर पाय बसवायचे. आपल्या हाताने धडधाकट तळाला भोके पाडताना ग्राइंडर धरलेला माझा हात दोनदा थांबला.

परवा रात्री आम्ही चौघांनी मिळून पिंजरा वर उचलला. काकांनी पायांखालच्या ३ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांना पहिले टॅक मारले, मी छत आणि पाईप यांच्यामधून बोट फिरवून पाहिले, आणि सगळे सांधे पूर्ण गोल भरलेले होते.