आमची वाटचाल : जुन्या लेन्सची दुरुस्ती, जळगाव

धुळे, जळगाव, नंदुरबारचे स्टुडिओ डिजिटल झाले तेव्हा याशिका मॅट, रोलायफ्लेक्स, मामिया हे फिल्मचे कॅमेरे कपाटात गेले. आता घरची नवी पिढी ते बाहेर काढते. आमच्याकडे येताना मागणी ठरलेली असते : ‘काच धुरकट झालीय, कोटिंग नवीन करून द्या.’ कोटिंग म्हणजे काचेवरून परतणारा प्रकाश कमी करणारा पातळ थर. बहुतेक वेळा तो नव्याने चढवायची गरज नसते.

खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या कपाटात फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस पातळ होतं, तेल अपर्चरच्या (प्रकाशाची वाट लहान-मोठी करणाऱ्या) पात्यांवर उतरतं आणि त्याची वाफ आतल्या काचांवर धरते. हा धूर आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. पावसाळ्यात चामडी केसमध्ये ठेवलेल्या लेन्सला मात्र बुरशी लागते. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया समप्रमाणात घेऊन ती मारता येते. ॲल्युमिनियमच्या रिंगला हे मिश्रण लागू द्यायचं नाही. बुरशीच्या आम्लाने काच खाल्ली असेल तर जाळीदार डाग राहतात. ते पुसून जात नाहीत.

सफाई जमल्यावर आम्ही जोडकाचांकडे, म्हणजे एकमेकींना चिकटवलेल्या दोन काचांकडे वळलो. कडेने पिवळट, फांद्यांसारखे पट्टे दिसले की त्यांना जोडणारा जुना डिंक, कॅनडा बाल्सम, सुटलं समजायचं. काठावर दोन्ही काचांवरून आडवी खूण करायची, तळाशी कापड घातलेल्या गार पाण्यात जोडी ठेवायची आणि मंद आचेवर तापवायची. बाल्सम मऊ झालं की काचा सरकतात. त्या त्याच पाण्यात निवू द्यायच्या. घाईने बाहेर काढली की काच तडकते. नंतर यूव्ही सिमेंटचा (अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या गोंदाचा) एक थेंब, दोन्ही काचांचं केंद्र जुळवणं आणि मगच अतिनील दिवा. केंद्र चुकलं तर फोटोची एक बाजू कायम धूसर येते.

कोटिंगसाठी माणूस शोधायला सर्वांत जास्त वेळ गेला. चष्म्याच्या लॅबची यंत्रं प्लास्टिकसाठी, कमी तापमानावर चालतात. दुर्बिणीचे आरसे चकाकवणाऱ्यांकडे निर्वात पेटी असते, पण ते ॲल्युमिनियम चढवतात. आपल्याला हवा मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे १०० नॅनोमीटरचा थर, आणि तो टणक बसायला काच ३०० अंशांच्या आसपास तापवावी लागते. म्हणून जोडकाच आधी सुट्टी करूनच पाठवायची. उघड्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. हा थर ते दीड टक्क्याच्या आत आणतो.

पुणे, मुंबई, डेहराडून, अंबाला इथल्या ऑप्टिकल कारागिरांना आम्ही आधी दोनच गोष्टी विचारतो. काच तापवण्याची सोय आहे का? आणि जुनं कोटिंग काढताना वक्रता कशी तपासता? दुसऱ्या प्रश्नावर खरा माणूस कळतो. सिरियम ऑक्साइडने (काच घासायच्या पावडरने) जरा जास्त घासलं तरी पृष्ठभाग बिघडतो. टेस्ट प्लेट म्हणजे अचूक वक्रतेची नमुना काच; ती लेन्सवर ठेवल्यावर दिसणारी रंगीत न्यूटनची वलयं पाहून वक्रता तपासणाराच तो सांभाळतो. एका ठिकाणाहून काच चकचकीत होऊन आली, पण लेन्स कुठेच धारदार फोकस होईना. तेव्हापासून पहिली काच आम्ही निकामी कॅमेऱ्यातलीच देतो. परत आली की ट्यूबलाइटखाली धरायची : प्रतिबिंब निळं-जांभळं हवं. तपकिरी दिसलं तर थर पातळ बसलाय.

याशिका मॅटची पुढची काच खराब असेल तर आम्ही कोटिंग सुचवतच नाही. बंद पडलेल्या दुसऱ्या मॅटमधून अख्खा लेन्ससंच काढून बसवणं स्वस्त पडतं.