एक ते चार म्हटलं, मग तीनच का?

‘स्लाइस’ म्हणजे यादीतला सलग तुकडा काढणं; या शब्दाने शिकणाऱ्यांचा गोंधळ का होतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न एकही बॅच चुकवत नाही: "मॅडम, एक ते चार हा तुकडा मागायला यादी[१:४] लिहिलं, तर तीनच घटक का आले?" विचारणाऱ्याचा सूर बहुतेक वेळा अपराध्यासारखा असतो. मला त्याचंच वाईट वाटतं, कारण गोंधळ त्याच्या डोक्यात नसतो, शब्दात असतो.

मराठीतच बघा. ‘सोमवार ते शुक्रवार दुकान उघडं’ म्हटलं की शुक्रवार धरतात. ‘एक ते चार वर्ग आहे’ म्हटलं की चारच्या ठोक्याला सुटतो, तीनच तास होतात. पहिल्यात दिवस मोजले, दुसऱ्यात वेळेच्या खुणा. पायथनचे आकडे दुसऱ्या जातीचे. त्याच्या अधिकृत ट्युटोरियलमध्ये लिहिलंय की आकडे अक्षरांवर नाहीत, दोन अक्षरांच्या मधे आहेत असं समजा. फार मोलाचं वाक्य आहे ते, पण संदर्भाच्या पानावर जाणाऱ्याला नुसते ‘स्टार्ट’ आणि ‘स्टॉप’ दिसतात. स्टॉप आत की बाहेर, हे तो शब्द सांगत नाही.

शेवट बाहेर ठेवण्याची रीत चांगलीच आहे. चारातून एक वजा केला की लांबी मिळते, आणि [१:४] नंतर [४:७] घेतलं तर काही सुटत नाही, काही दोनदा येत नाही. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९८२ सालच्या टिपणात हीच बाजू मांडली होती. पण सगळ्या भाषा ती पाळत नाहीत. रूबीत १...४ अशी तीन टिंबं दिली की शेवटचा गळतो, स्विफ्टमध्ये तीच तीन टिंबं त्याला आत घेतात! पीएचपीच्या ॲरे-स्लाइसमध्ये (ॲरे म्हणजे ओळीने ठेवलेले घटक) तर तो आकडा शेवट नसून लांबी असते.

खरी इजा मात्र ‘स्लाइस’ याच शब्दाने होते. आंब्याची फोड कापली की ती आंब्यापासून वेगळी होते. पायथनच्या यादीचा स्लाइसही नवी यादी देतो. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत तसं नाही. तिथे साधा स्लाइस म्हणजे त्याच मेमरीकडे बघायची खिडकी. मी एकदा मोठ्या ॲरेच्या पहिल्या शंभर ओळी ‘बाजूला काढून’ त्यांत बदल करून पाहिले आणि मूळ आकडेच बदलले. दोन दिवस चूक भलतीकडे शोधत होते. दस्तऐवजात ‘व्ह्यू’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं, पण ‘स्लाइस’ वाचल्यावर माझ्या मनात फोडच होती. गो भाषेत तर स्लाइस हा स्वतंत्र प्रकारच आहे: खालच्या ॲरेकडे बोट, लांबी आणि क्षमता.

म्हणून हल्ली पहिल्या दिवशी मी हा शब्द उच्चारतच नाही. फळ्यावर मण्यांची माळ काढते, पहिल्या मण्याआधीच्या गाठीला शून्य देते आणि पुढच्या गाठींना मुलांनाच आकडे घालायला लावते. एकपासून चारच्या गाठीपर्यंत मणी तेच मोजतात.