बारा हजारांचा कागद आणि पंधरा आकडी नंबर

रोज सकाळी आमच्या कुत्र्याला, गुंडूला, बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला नेतो. वाटेत कुणी ना कुणी थांबवतंच. "लॅब्रा हाय न्हवं? केवढ्याला पडला वो?" ३० हजार म्हटलं की पुढचा माणूस एकदा कुत्र्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. त्या तिसातले १२ हजार कुत्र्याचे नव्हतेच, एका कागदाचे होते, तो जातिवंत असल्याच्या प्रमाणपत्राचे. त्या कागदापायी माझे सात महिने गेले आणि अजून आठवलं की डोकं तापतं. जातिवंत पिल्लू घ्यायच्या विचारात असलेल्यांनी पैसे मोजायच्या आधी हे वाचावं, म्हणून लिहितोय.

मुलीला शब्द दिला होता, दिवाळीत कुत्रं आणायचं. पिवळा लॅब्रॅडॉर, नर, एवढंच सांगून पाच ठिकाणी फोन केले. बेळगावातच एकाने ८ हजार सांगितले, दुसऱ्याने १५. कागदासकट हवं तर २८ ते ३०. एकाने "चॅम्पियन लाइन आहे" म्हणून ४५ हजार मागितले. चिकोडीच्या मामांना सांगितलं तर ते फोनवरच ओरडले, "कुत्र्याला तीस हजार? त्यापरीस मुधोळला जा की!" मामांचं म्हणणं खोटं नव्हतं. मुधोळचं शिकारी कुत्रं आपल्याच मातीतलं. २००५ मध्ये त्याच्यावर टपाल तिकीट निघालं, पुढे सैन्यानेही ती पिल्लं प्रशिक्षणासाठी नेली, आणि मुधोळजवळ तिम्मापूरला त्यांच्यासाठी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. पण ते मोकळ्या रानात धावणारं जनावर, आणि आमचं घर अनगोळच्या अरुंद गल्लीत. शिवाय मुलीच्या मनात लॅब्रॅडॉरच होता.

पिल्लू महाग आहे, एवढ्यावरून मी ब्रीडरला, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकणाऱ्याला, नावं ठेवणार नाही. नीट करायचं म्हटलं तर खर्च खरंच आहे. नराच्या मालकाला जोडी लावण्याचे पैसे, म्हणजे स्टड फी, द्यावी लागते, नाहीतर त्याला एक पिल्लू सोडावं लागतं. कुत्री अडली तर सिझेरियन. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आईबापांकडून पिल्लांत उतरतो, म्हणून जोडी लावण्याआधी दोघांचे एक्स-रे काढायला हवेत. आठ-नऊ पिल्लांचं खाणं, जंताचं औषध, लस हे वेगळंच. जो हे सगळं करतो त्याने ३० हजार घ्यावेत, मी देईन. पण केल्याचा पुरावा त्याने दाखवावा. मी एक्स-रे मागितलाच नाही. आई दाखवली, ती खेळकर होती, शेपटी हलवत आली, तेवढ्यावर मी भाळलो.

हा ब्रीडर कोगनोळी टोलनाक्याच्या पलीकडचा, महाराष्ट्रातल्या एका शहरातला. हिशेब त्याने स्वच्छ सांगितला: पिल्लाचे १८ हजार, कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदाचे १२ हजार. "दोन महिन्यांत कागद घरपोच." मी तिथल्या तिथे ३० हजार गुगल पे केले. रोख दिले नाहीत, ही एकच गोष्ट त्या दिवशी माझ्या हातून बरोबर झाली.

दोन महिन्यांनी संक्रांत आली. कागद नाही. "चेन्नईहून यायचाय." क्लबचं मुख्य कार्यालय चेन्नईला आहे हे खरं, त्यामुळे मी गप्प बसलो. होळीला विचारलं, "टपालात आहे." टपालाचा नंबर मागितला तर चार दिवस उत्तर नाही. पाडव्याला "सही राहिली होती, परत पाठवलाय." या काळात मी स्वतःच अर्ज करता येतो का याची चौकशी केली, तेव्हा कळलं की गिऱ्हाइकाच्या हातात काहीच नसतं. एका वेताच्या सगळ्या पिल्लांची नोंदणी ब्रीडरनेच करायची, प्रत्येक पिल्लाला मायक्रोचिप बसवायची (कातडीखाली टोचायची बारीक चिप, स्कॅनर धरला की तिचा नंबर दिसतो), तिचा नंबर प्रमाणपत्रावर येतो, आणि मग ब्रीडरच्याच सहीने मालकी आपल्या नावावर होते. म्हणजे पैसे पूर्ण दिले की आपण त्याच्या मर्जीवर. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर ते १२ हजार मी कागद हातात पडेपर्यंत खिशातच ठेवले असते. तुम्ही ठेवा.

आमच्याकडे शिवजयंती वैशाखात होते. चित्ररथांच्या मिरवणुकीनंतर दोन दिवसांनी कुरिअर आलं. प्रमाणपत्र! आईबाप, आजे-पणजे सगळ्यांची नावं, जन्मतारीख बरोबर, नर, पिवळा, खाली पंधरा आकडी चिप नंबर. बायकोने ते देवघराजवळ ठेवलं. मला खरंच हायसं वाटलं, आणि उगाच त्या माणसावर संशय घेतला म्हणून वाईटही वाटलं.

पुढच्या आठवड्यात गुंडूला कान दाखवायला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "कागद आलाय तर चिपचा नंबर लसीच्या पुस्तकात लिहून टाकू." त्यांनी स्कॅनर मानेमागून खांद्यांच्या मधोमध फिरवला. काही नाही. चिप कधी कधी सरकते म्हणून खांदे, पुढचे पाय, छाती, पाठ सगळीकडे फिरवला. काही नाही. मशीनची खात्री करायला बाहेर बसलेल्या दुसऱ्या कुत्र्यावर धरला, लगेच नंबर उमटला. आमच्या गुंडूच्या अंगात चिपच नव्हती. मग तो पंधरा आकडी नंबर कुणाचा?

ब्रीडरला फोन केला. आधी म्हणाला, "पडली असेल." पडत नाही असं नाही, पण सुई टोचल्याची साधी नोंदही लसीच्या पुस्तकात नव्हती. मग म्हणाला, "आणा कुत्रं, दुसरी बसवून देतो, तोच नंबर टाकू." हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते भडकले. चिपचा नंबर कारखान्यातच ठरलेला असतो, तो मागाहून हवा तसा टाकता येत नाही. म्हणजे त्या नंबरची चिप दुसऱ्याच पिल्लाच्या अंगात असणार.

मग ब्रीडरने नवं खुसपट काढलं: "तुमच्या डॉक्टरचं मशीन खराब असेल. सरकारी दवाखान्याचं लिहून आणा." आणलं. दोन फेऱ्या झाल्या, पण तिथल्या बाईंनी आपुलकीने तपासलं आणि शिक्क्यासह लिहून दिलं. साहजिकच कन्नडमध्ये. तो फोटो बघून ब्रीडरचा निरोप आला, "हे मला वाचता येत नाही." मग आमच्या डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर इंग्रजीत घेतलं. त्यावर त्याने जे वाक्य टाकलं ते मी विसरणार नाही: "तुमचं कर्नाटक, आमचं महाराष्ट्र. करा काय करायचं ते."

आम्ही सीमेवरची माणसं. अलीकडचा कागद पलीकडे चालत नाही, हे आम्हाला लहानपणापासून ऐकवलं जातं. म्हणून ते वाक्य वर्मी लागलं. पण या बाबतीत ते साफ चुकीचं आहे, आणि हे प्रत्येकाला ठाऊक हवं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विकणारा कुठल्याही राज्यातला असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फीदेखील नाही. मी मराठीत नोटीस लिहिली, म्हणजे वाचता येत नाही म्हणायची सोय नको. सोबत गुगल पेची पावती, सात महिन्यांचे व्हॉट्सअॅप निरोप, दोन्ही डॉक्टरांची पत्रं. रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवली. पंधरा दिवसांत १२ हजार परत करा, नाहीतर बेळगावच्या आयोगात भेटू.

राहून जाण्याआधी एक सांगतो. सगळे "पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू" म्हणतात, मीही ४७व्या दिवशी आणलं. पण २०१७ च्या केंद्राच्या नियमांत आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला बंदी आहे. लस आणि चिप झालेली असली पाहिजे, आणि ब्रीडरची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लाला पार्व्हो हा जीवघेणा विषाणूजन्य आजार गाठायची भीती मोठी. गुंडूला आणल्यावर पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, तपासणीत पार्व्हो निघाला नाही म्हणून वाचलो. ती रात्र मी आणि मुलगी त्याच्या उशाशी बसून काढली. शक्य असेल तर तुमच्याच डॉक्टरांना सोबत न्या, नाहीतर निदान पैसे देण्याआधी तिथेच स्कॅनर लावायला सांगा आणि आकडे स्वतः वाचून घ्या.

नोटीस पोचल्यावर आठव्या दिवशी त्याचा फोन आला, आवाज एकदम मऊ. आधी ६ हजारांवर तोड मागितली. मी नाही म्हटलं. शेवटी ७ आणि ५ असे दोन हप्त्यांत पूर्ण १२ हजार आले. दुसरा हप्ता आला त्या दिवशी मृगाचा पहिला पाऊस होता.

"कागद परत पाठवा मग," तो म्हणाला. मी पाठवला, झेरॉक्स मात्र ठेवून घेतली. पाकिटात एक चिठ्ठी घातली: हा नंबर ज्या कुत्र्याच्या अंगात आहे त्याचा मालकही माझ्यासारखाच कागदाची वाट बघत असेल, त्याला हा द्या.